रकाना क्रमांक सात

कचेरीत प्रियोळकर म्हणाले, हा अर्ज खेळाडूंसाठी आहे.
म्हटलं, म्हणूनच आलेय.
सातव्या रकान्यात, खेळाचे नाव, तिथे मी लिहिलं होतं: बुडी.
ते हसले. बुडी तर आमच्याकडे कर्जदार मारतात.
मग चष्मा कपाळावर ढकलून विचारलं,
समोर कोण असतं? गुण कोण देतं?
हरलं कोण, हे कळतं कसं?

हरलेला वर येत नाही, असं म्हणणार होते,
पण त्यांचा चहा निवत होता,
आणि असलं काही बोलायला आमच्या होडीवर बंदी आहे.

भिंतीवर एक फोटो. अठ्ठ्याऐंशी सालचा संघ,
मागच्या रांगेत हेच, मिशी नवी, गुडघे सोललेले.
हुतूतू, म्हणाले. खेळ म्हणजे दम.
एका दमात पलीकडे जायचं, शिवायचं, परत यायचं.
दम सुटला की बाद.

आमचं उलट, साहेब. पहिला नियमच असा
की दम धरायचा नाही.
धरून वर आलात तर फुप्फुस फाटतं.
पण जाणं, शिवणं, परतणं,
ते तेच.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

बायण्याहून बेटापर्यंत पाऊण तास.
पाणी पोस्टकार्डातलं नसतं इथे,
नोव्हेंबरातसुद्धा चार हातांपुढे हिरवा धूर.
परवा सोलापूरचे एक चित्रकला शिक्षक आले होते, निवृत्त,
पोहता येत नाही, हे होडीत बसल्यावर सांगितलं.
खाली खडकाच्या कपारीत त्यांना एक मासा दिसला,
पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, साधाच,
आणि त्यांनी आनंदाने अंगठा वर केला.
आमच्यात अंगठा म्हणजे: वर चला.
मी त्यांना वर आणलं.
काय झालं, म्हणून मलाच विचारू लागले.
पुन्हा खाली गेलो. पुन्हा मासा. पुन्हा अंगठा.
तिसऱ्यांदा मी त्यांचा अंगठाच मुठीत धरून ठेवला.
याचे गुण कोण देणार?

आणि बाबा.
बाबा शिनाणे काढायचे, ओहोटीला, खडकाच्या मुळाशी,
कमरेला गोणपाट, हातात लोखंडाची सळई,
नळी नाही, काच नाही, छातीत मावेल तेवढीच हवा.
डावा कान त्यांनी पाण्याला दिला.
त्यांना कुणी खेळाडू म्हटलं नाही.
बाजारात बायका विचारायच्या, वाटा कसा दिलास,
आणि घासाघीस करून दोन शिनाणे वर उचलायच्या.

माझी पहिली टाकी त्यांनी दोन्ही हातांनी तोलून पाहिली.
एवढी हवा? कुणाकुणाला?
एकटीला, बाबा. पाऊण तास.
आणि आणतेस काय खालून?
काही नाही. हात लावायचा नसतो.
शंखसुद्धा नाही?
शंखसुद्धा नाही.
उजवा कान माझ्याकडे वळवून त्यांनी ते पुन्हा ऐकलं.
मग खेळच गो तो, म्हणाले,
आणि टाकी जमिनीवर ठेवली, अलगद,
झोपलेलं मूल ठेवावं तशी.

हे मी कचेरीत सांगितलं नाही.
बापाचा दाखला जोडायला अर्जात जागा नव्हती.

प्रियोळकरांनी बुडीवर काट मारली,
वर बारीक अक्षरात लिहिलं: इतर.
शिक्का उचलला, मारला नाही.
विचारलं, बारा मीटरवर वाटतं कसं?

म्हटलं, आधी कान दाबतात.
नाक धरून फुंकर मारायची, मग ते उघडतात, दाराच्या कडीसारखे.
लाल रंग जातो पहिला.
माझ्या बोटाला कापलं होतं एकदा, रक्त हिरवं दिसलं.
आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो,
शेजारच्या खोलीत कुणीतरी कात्रण करवतीने कापत असावं तसा.
आणि वजन राहत नाही. फुंकर सोडली की खाली,
घेतली की वीतभर वर,
मध्ये एक जागा असते, तिथे...

बोलता बोलता पाहिलं,
शिक्का हातात तसाच,
मान किंचित पुढे, गाल ताठ,
छाती हलत नव्हती.

साहेब, म्हटलं. श्वास घ्या.